रंगकण, बल आणि जुळणी : औंधच्या चित्रसंग्रहाच्या निमित्ताने कलिलविचाराची चिकित्सा

१

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध या गावी, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, श्रीभवानी संग्रहालयाची वास्तू उभी आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्या चित्रप्रेमातून साकार झालेले हे संग्रहालय १९३८ साली सुरू झाले. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आणि उत्तरेकडील पहाडी कलमाची लघुचित्रे तेथे एका छताखाली पाहावयास मिळतात. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायणावरील त्यांचा चित्रमय ग्रंथ १९१६ साली आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील सचित्र ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. तैलरंग, जलरंग आणि भित्तिचित्र या तिन्ही रीतींचा विचार अशा प्रकारे औंधशी निगडित आहे.

चित्रमीमांसक चित्राकडे पाहतो तो विषय, रेषा आणि रंगसंगती यांच्या दृष्टीने. रंग हा एक पदार्थ आहे, तो एके काळी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपाने होता आणि ते कण एकमेकांना न चिकटता कुंचल्याच्या टोकापर्यंत पोहोचले म्हणूनच चित्र घडले, ही गोष्ट सहसा विचारात घेतली जात नाही. या अर्थाने प्रत्येक चित्र हे वाळलेले कलिल होय. द्रवात असताना कणांनी परस्परांपासून दूर राहावे आणि वाळल्यावर मात्र परस्परांना व कागदाला धरून राहावे, अशी परस्परविरुद्ध अपेक्षा चित्रकार एकाच द्रव्याकडून करतो. ही अपेक्षा कोणत्या बलांमुळे पुरी होते, हाच कलिलशास्त्राचा मूळ प्रश्न आहे; आणि अलीकडील नॅनोकणांच्या संशोधनात तोच नव्या वेषात पुढे आला आहे.

कणांमधील बलांचा प्रचलित सिद्धांत कोठपर्यंत विश्वसनीय आहे आणि ‘स्वयंजुळणी’ ही संज्ञा आजच्या संशोधनलेखनात ज्या सढळपणाने वापरली जाते तो सढळपणा कितपत समर्थनीय आहे, या दोन मुद्द्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे अवश्य आहे. थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनज्ञाने १८६१ साली ‘कोलॉइड’ हा शब्द रूढ केला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सरस’ असा आहे. सुतार लाकूड सांधण्यास आणि जुना चित्रकार रंग बांधण्यास जो वापरीत असे, तोच हा सरस. मराठीत या संज्ञेसाठी ‘कलिल’ हा संस्कृत शब्द स्थिरावला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाच्या संदर्भात तो येतो. तेथे त्याचा अर्थ दाट, गढूळ गुंता असा घेतला जातो. युरोपीय संज्ञेने बांधणाऱ्या द्रव्याकडे पाहिले, तर मराठी संज्ञेने गढूळपणाकडे. आजची व्याख्या या दोहोंपेक्षा वेगळी असून ती आकारमानावर आधारलेली आहे : ज्याची एक तरी मिती सुमारे १ ते १००० नॅनोमीटरच्या दरम्यान आहे असे कण दुसऱ्या माध्यमात विखुरलेले असले म्हणजे ते कलिल होय.

व्याख्या आकारावर आली तेव्हा काटेकोरपणा वाढला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचबरोबर एक गोष्ट नजरेआड झाली. ‘सरस’ या जुन्या अर्थात कणाइतकेच महत्त्व त्याच्या भोवतालच्या द्रव्याला होते. नव्या व्याख्येत कण तेवढा प्रधान ठरला आणि माध्यम ही पार्श्वभूमी बनली. पुढे सिद्धांताच्या मांडणीतही हाच कल दिसून येतो, आणि प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य रोख त्याच्यावरच आहे.

३

१८५७ साली मायकेल फॅरडे याने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तयार केले. ते द्रावण माणकासारखे लाल होते. त्यात मीठ पडताच ते निळे झाले. प्राणिज सरसाच्या जातीचे द्रव्य आधी मिसळले असता मात्र हा बदल रोखला जात असे. या एका प्रयोगात कलिलशास्त्राचे दोन्ही धागे बीजरूपाने आहेत. मिठामुळे कणांमधील प्रतिकर्षण दबते व ते जवळ येतात, हा पहिला धागा. आणि आवरण असल्यास तेच मीठ निष्प्रभ ठरते, हा दुसरा. फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरॅं याने १९०८ च्या सुमारास द्रवातील कणांच्या अखंड अस्थिर गतीचे मापन करून रेणूंच्या अस्तित्वाविषयीचा वाद मिटविला. त्याने निवडलेले कण गंबोज या पिवळ्या रंगद्रव्याचे, म्हणजे जलरंगाच्या पेटीतलेच होते.

पहिल्या धाग्याला गणिती रूप मिळाले ते १९४० नंतरच्या दशकात. रशियात देर्यागिन व लांडाउ यांनी १९४१ साली, आणि हॉलंडमध्ये फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ साली स्वतंत्रपणे जी उपपत्ती मांडली, ती त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘डीएलव्हीओ’ म्हणून ओळखली जाते. तिचे सार थोडक्यात सांगता येते. कणांमध्ये व्हान डर वाल्स आकर्षण असते व ते अंतर कमी होईल तसे झपाट्याने वाढते. कणांच्या पृष्ठावर विद्युत्भार असतो, त्याभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा मेघ जमतो, आणि दोन मेघ एकमेकांत शिरू लागले की प्रतिकर्षण उत्पन्न होते. या दोहोंची बेरीज केली असता जो ऊर्जेचा बांध दिसतो, तो उष्णतेच्या हालचालीने ओलांडता आला नाही तर कलिल टिकते, आणि ओलांडता आला तर ते साकळते. मेघाची जाडी द्रवातील क्षारांवर अवलंबून असते. साध्या मिठाच्या ०·००१ मोलर द्रावणात ती सुमारे १० नॅनोमीटर, तर ०·१ मोलर द्रावणात सुमारे १ नॅनोमीटर भरते. फॅरडेचे लाल द्रावण मिठाने निळे का झाले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या उपपत्तीचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. १९७८ साली इस्राएलअश्विली व अ‍ॅडम्स यांनी अभ्रकाच्या दोन गुळगुळीत पत्र्यांमधील बल क्षारद्रावणात प्रत्यक्ष मोजले, तेव्हा काही नॅनोमीटरपलीकडील अंतरावर ते उपपत्तीशी जुळणारे आढळले. तथापि तिचे सामर्थ्य जेथे आहे तेथेच तिच्या विपर्यासाचा आरंभही झालेला आहे. पाठ्यपुस्तकांतून सर्रास दिले जाणारे तुरटीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरविली असता पाणी निवळते, हा घरोघरचा अनुभव. आयनाचा भार वाढेल तसतसे साकळण्यास लागणारे प्रमाण भाराच्या सहाव्या घाताच्या व्यस्तात घटते, हा शुल्झ-हार्डी नियमाला उपपत्तीतून मिळालेला आधार. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचा आयन त्रिभारी, म्हणून ती मिठाच्या शेकडो पटींनी प्रभावी, असे स्पष्टीकरण विद्यार्थी पाठ करतात. वस्तुतः सहावा घात येतो तो पृष्ठविभव बराच मोठा मानला तर. विभव लहान असेल तर त्याच उपपत्तीतून दुसरा घात निघतो. शिवाय सामान्य विहिरीच्या वा नदीच्या पाण्यात तुरटीचे जलविघटन होऊन अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात, आणि ते मातीचे कण आपल्याबरोबर ओढून तळाशी नेतात. म्हणजे नियमाचे हे लोकप्रिय उदाहरण नियमाचे निर्भेळ उदाहरण नव्हेच. तुरटीऐवजी निवळीचे बी घागरीच्या आतून उगाळले तरी पाणी निवळते. तेथे बियांतील लांबलचक सेंद्रिय रेणूंचा मुख्य वाटा असतो. ते एका कणाला व दुसऱ्याला एकाच वेळी धरून पूल बांधतात. निष्पत्ती एकच, परंतु कारणे भिन्न. निवळलेले पाणी पाहून कोणते बल कार्य करीत होते ते सांगता येत नाही, हा धडा पुढील विवेचनास पायाभूत आहे.

४

आता दुसऱ्या धाग्याकडे वळावयाचे. बोरूने लिहिलेल्या जुन्या पोथ्यांची काळी शाई काजळी आणि डिंक यांची असे. निव्वळ काजळी पाण्यात खलली तर ती लवकरच गोळा होऊन तळाशी बसते. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक मिसळला म्हणजे तीच काजळी दीर्घकाळ तरंगत राहते, आणि थोडे मीठ पडले तरी सहसा फुटत नाही. जलरंगाची वडी हीदेखील याच न्यायाने बांधलेली असते. डिंकाचे रेणू कणाच्या पृष्ठावर बसतात व त्यांची टोके द्रवात मोकळी पसरतात. दोन कण जवळ आले की या टोकांची दाटी होते, त्यांना हालचालीस जागा उरत नाही, आणि त्यातून प्रतिकर्षण निर्माण होते. ते मुख्यतः विद्युत्भारावर अवलंबून नसल्यामुळे मिठाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

ही गोष्ट इतकी जुनी व परिचित असूनही संशोधनलेखनात तिची वारंवार उपेक्षा होते. कलिलाचे झीटा विभव मोजावयाचे, ते ३० मिलिव्होल्टपेक्षा अधिक भरले तर ‘स्थिर’ आणि कमी भरले तर ‘अस्थिर’ असा शेरा द्यावयाचा, ही पद्धत प्रबंधांमधून जवळजवळ विधीसारखी पाळली जाते. हा आकडा म्हणजे अनुभवावर बेतलेला एक ठोकताळा आहे. कणाचे आकारमान, द्रव्याचे आकर्षणमान, द्रवातील क्षार आणि आवरणाची जाडी यांपैकी एकाचाही त्यात उल्लेख नाही. डिंकाने बांधलेल्या रंगाला ही कसोटी लावली तर वर्षानुवर्षे टिकलेली शाई ‘अस्थिर’ ठरण्याचा संभव आहे. ज्या कसोटीवर लेखनिकाची दौत नापास होते, ती कसोटी नॅनोकणांच्या प्रबंधास प्रमाण कशी मानावी?

याच मालिकेत आणखी एका बलाचा निर्देश करावयास हवा. १९५४ साली असाकुरा व ओओसावा या जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, कणांना न चिकटणारे लांब रेणू द्रवात मोकळे असले तरी कणांमध्ये आकर्षण निर्माण होते. दोन कणांमधील अरुंद फटीत या रेणूंना शिरता येत नाही, आणि बाहेरून त्यांचा दाब पडतो. म्हणजे डिंकासारखा लांब रेणू कणावर दाट बसला तर प्रतिकर्षण, विरळ बसून दोन कणांना धरून राहिला तर पूल, आणि न बसता मोकळा राहिला तर आकर्षण. बल कोणाचे, हा प्रश्नच येथे अपुरा ठरतो. ते केवळ कणाचे नाही व केवळ द्रव्याचेही नाही. ते संपूर्ण प्रसंगाचे आहे.

५

तरीही मोठ्या कणांच्या बाबतीत निरनिराळी बले स्वतंत्रपणे काढून त्यांची बेरीज करण्याची रीत बहुतांशी चालते. याचे कारण मापांतील तफावत होय. ५०० नॅनोमीटर व्यासाचा गेरूचा कण घेतला आणि त्यावर १० नॅनोमीटर जाडीचे डिंकाचे आवरण आहे असे मानले, तर आवरणासह एकूण घनफळात आवरणाचा वाटा सुमारे ११ टक्के येतो. पाण्याचा रेणू जेमतेम ०·३ नॅनोमीटरचा. कण, आवरण, आयनमेघ आणि पाणी यांची मापे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की, एकाचा विचार करताना दुसऱ्याला सपाट व अखंड पार्श्वभूमी मानण्यास हरकत नसते.

नॅनोकणांच्या बाबतीत ही सोय उरत नाही. ४ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण आणि त्यावर सुमारे १·७ नॅनोमीटर लांबीच्या गंधकयुक्त हायड्रोकार्बन साखळ्यांचे आवरण, हे या क्षेत्रातील नेहमीचे उदाहरण. येथे हिशेब केला तर आवरणाचा वाटा सुमारे ८४ टक्के भरतो. नाव सोन्याच्या कणाचे, परंतु सहा भागांपैकी पाच भाग आवरणाचे! आयनमेघाची जाडी कणाच्या त्रिज्येएवढी किंवा तिच्याहून अधिक असते, आणि पाण्याचे रेणू व आयन कणांच्या तुलनेत नगण्य राहत नाहीत. सिल्वेरा बातिस्ता, लार्सन आणि कोतोव्ह यांनी २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील समीक्षालेखात हाच मुद्दा पद्धतशीरपणे मांडला : या मापावर विद्युत्बल, व्हान डर वाल्स बल, आवरणाचे बल आणि जलस्तराचे बल यांचे परस्परांपासून पृथक्करण करता येत नाही, आणि म्हणून त्यांची साधी बेरीजही करता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. बेरीज अचूक नसली तरी ती पहिली पायरी म्हणून का वापरू नये? आक्षेपात तथ्य आहे. किंबहुना शास्त्राची वाटचाल अशाच पायऱ्यांनी झाली आहे. हामाकर याने १९३७ साली अणूअणूंमधील आकर्षणांची बेरीज करून कणांमधील आकर्षण काढले. १९५० नंतरच्या दशकात लिफ्शिट्झ याने ती बेरीज टाकून संपूर्ण माध्यमाचा एकत्र विचार केला, आणि तरीही हामाकरचे सूत्र सोयीसाठी आजही वापरले जाते. परंतु सोय आणि प्रमाण यांत भेद आहे. बेरजेतून आलेला आकडा प्रयोगाशी जुळला नाही, तर हामाकरचा स्थिरांक किंवा पृष्ठविभव थोडेसे बदलून तो जुळवून घेणे, आणि मग उपपत्ती सिद्ध झाली असे म्हणणे, ही पायरी नव्हे. ही पळवाट होय.

६

बलाविषयीची ही सैलता जुळणीविषयीच्या भाषेत अधिकच ठळकपणे प्रकट होते. कण एकत्र येऊन काही आकृती दिसली की तिला ‘स्वयंजुळणी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या बाबतीत मराठीतील घरगुती भाषा शास्त्रीय लेखनापेक्षा अधिक सावध आहे. दूध हे कलिलच. त्यातील केसीनचे पुंजके सरासरीने १०० ते २०० नॅनोमीटर व्यासाचे असून त्यांच्यावर प्रथिनांच्या केसांसारखे आवरण असते. रात्री विरजण लावले म्हणजे आम्लता सावकाश वाढते, पुंजक्यांवरील भार व आवरण निष्प्रभ होते, आणि सकाळी एकसंध दही लागते. त्याच उकळत्या दुधात लिंबू पिळले तर दूध फाटते. कण तेच आणि आम्लाचे कार्यही मूलतः तेच, परंतु मार्ग भिन्न असल्याने रचना भिन्न. ‘लागणे’ आणि ‘फाटणे’ अशी दोन क्रियापदे येथे वापरली जातात; दोहोंनाही एकच नाव देण्याची चूक कोणतीही गृहिणी करीत नाही.

अर्थात् या भेदाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. दही हेदेखील शास्त्रीय अर्थाने स्वयंजुळणी नव्हे; ते मार्गात अडकून राहिलेले जाळे आहे, आणि आम्लता कमी केली म्हणून दह्याचे पुन्हा पूर्वीचे दूध होत नाही. ज्या जुळणीत कण पुनःपुन्हा सुटून पुन्हा बसू शकतात, चुकीची जागा सोडून योग्य जागा शोधू शकतात, आणि परिस्थिती उलटविली असता जुळणी मोडून पुन्हा तशीच घडते, तिलाच समतोलाकडे जाणारी स्वयंजुळणी म्हणणे युक्त होईल. अशी उदाहरणे आहेत. १९९६ साली डीएनएच्या पूरक धाग्यांनी सोन्याचे कण जोडण्याची रीत प्रसिद्ध झाली आणि २००८ साली त्याच रीतीने कणांचे सुव्यवस्थित स्फटिक मिळाले. तापमान वाढविले की हे बंध सुटतात व ते उतरविले की पुन्हा जुळतात. येथे ‘स्वयं’ हे पद सार्थ आहे.

या कसोटीवर महाराष्ट्रातील एका महत्त्वाच्या संशोधनाचा विचार करता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षाराचे क्षपण करून त्रिकोणी पत्र्यांच्या आकाराचे नॅनोकण मिळविले, आणि २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. परसातल्या आळ्यात वाढणाऱ्या वनस्पतीने साध्या तापमानास असा नियमित आकार द्यावा, ही गोष्ट लक्षवेधक होतीच. परंतु त्या निबंधाचे खरे मोल त्याच्या स्पष्टीकरणात आहे. क्षपण वेगाने होऊन आधी गोल कण तयार होतात, ते ‘द्रवासारखे’ वागतात, एकत्र येतात आणि साध्या तापमानासच एकमेकांत मिसळून त्रिकोण बनतात, असा मार्ग लेखकांनी सुचविला. आणि ‘असे दिसते’ या सावध क्रियापदाने सुचविला.

या मार्गात जुळणी आहे, परंतु ती न उलटणारी आहे, कारण मिसळलेले गोल कण पुन्हा वेगळे होत नाहीत. अर्कातील कार्बनी द्रव्ये कणांच्या पृष्ठावर बसून त्यांना प्रवाही ठेवतात, ही कल्पना मान्य केली तर आकृतीचे श्रेय सोन्यापेक्षा आवरणाकडे आणि मार्गाकडे अधिक जाते. मूळ निबंधाने हे प्रश्न उघडे ठेवले होते. त्यानंतर ‘हरित संश्लेषण’ या नावाने जे विपुल लेखन झाले, त्यातील बऱ्याच भागात मात्र वनस्पतीचे नाव तेवढे बदलत गेले, आणि मूळचे सावध क्रियापद गळून पडले. तुळस, कडुनिंब, कोरफड अशी यादी लांबविल्याने ज्ञान लांबत नाही. अर्कातील कोणता घटक पृष्ठावर बसतो, किती बसतो, आणि तो काढून घेतला असता जुळणी थांबते काय, या प्रश्नांना भिडल्याखेरीज अशा नोंदी वनस्पतींच्या सूचीपेक्षा अधिक काही ठरत नाहीत.

७

यापुढील मुद्दा पुराव्याच्या स्वरूपाचा आहे, आणि तो पुन्हा चित्राकडे घेऊन जातो. जलरंगाचा पातळ हात कागदावर दिला व तो तसाच वाळू दिला, तर त्याच्या कडेला रंगाची गडद रेघ उमटते. चित्रकार तिला कधी टाळतो, तर कधी तिचा उपयोग करून घेतो. १९९७ साली डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनेची मीमांसा केली. थेंबाची कड पृष्ठाला चिकटून राहते, कडेशी बाष्पीभवन अधिक होते, तेथील घट भरून काढण्यासाठी द्रव मध्यातून कडेकडे वाहतो, आणि कण त्याच्याबरोबर वाहत जाऊन तेथे साचतात. या रेघेत कणाकणांमधील आकर्षणाची मुळीच गरज नाही. ती प्रवाहाने केलेली जुळणी आहे. द्रवाचा थर कणांच्या उंचीइतका पातळ झाला की पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे खेचले जातात. हे बल नॅनोकणांमधील इतर बलांपेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

नॅनोकणांच्या जुळणीचा पुरावा म्हणून जी छायाचित्रे दिली जातात, त्यांतील पुष्कळशी सामान्य इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली असतात. त्यासाठी कलिलाचा थेंब जाळीवर वाळवून मग निर्वात जागी ठेवावा लागतो. म्हणजे छायाचित्रात दिसते ते वाळलेले कलिल, अर्थात् एक लहानसे चित्रच. द्रवात कण सुटे होते की जुळलेले, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. जलरंगाच्या गडद कडेवरून पेल्यातील रंगही कडेलाच होता असे म्हणण्याइतकेच ते निराधार आहे. द्रवावस्थेतील क्ष-किरण विकिरण, गोठवून घेतलेल्या नमुन्याचे निरीक्षण, किंवा द्रवकोशात केलेले सूक्ष्मदर्शन यांची जोड मिळाल्याशिवाय अशा छायाचित्रास जुळणीचा पुरावा मानणे धोक्याचे आहे. १९९५ साली मरे, कागन व बावेंडी यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोकणांचे सुव्यवस्थित त्रिमित स्फटिक मिळविले, तेव्हा द्रावक सावकाश आणि नियंत्रित रीतीने बदलत नेण्यावर भर होता. तेथे वाळणे ही दुर्लक्षित घटना नसून प्रयोगाचा भाग होती. वाळण्याला नाव देणे आणि वाळणे लपविणे यांत हाच फरक आहे.

८

हा सर्व विवाद शब्दांचा व आकड्यांचा आहे असे कोणास वाटेल. परंतु त्याची किंमत चित्रांना प्रत्यक्ष मोजावी लागते. औंधाधिपतींच्या अजिंठाविषयक ग्रंथाच्या सुमारे दहा वर्षे आधी, १९२० ते १९२२ या काळात, निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करविली होती. सुटणारा रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी लाखेचा उपयोग केला. हेतू चांगला होता, आणि त्यांचे पुष्कळ काम उपयुक्तही ठरले. परंतु लाखेचे थर कालांतराने पिवळे व गडद झाले, आणि ते काढण्यासाठी पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना दीर्घकाळ परिश्रम करावे लागले. बांधणारे द्रव्य आज कसे धरते याचा विचार झाला होता. ते पुढे कसे बदलेल याचा पुरेसा झाला नव्हता.

आज तोच प्रसंग नॅनोकणांच्या रूपाने पुन्हा उभा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्लॉरेन्स येथील संशोधकांनी चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे, नॅनोकण अल्कोहोलात विखुरून भित्तिचित्रांच्या दृढीकरणास यशस्वीपणे वापरले. ओल्या चुन्यावर रंगविलेल्या इटालियन भिंतींना ही रीत अनुरूप आहे, कारण कण हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याच जातीचा चुनखडीचा बंध निर्माण करतात. अजिंठ्याची भिंत मात्र वेगळी आहे. तेथे मातीच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन, सरसासारख्या द्रव्याने बांधलेले रंग कोरड्या पृष्ठावर दिलेले आहेत. माती स्वतःच कलिल आहे. तिच्या पापुद्र्यासारख्या कणांमधील समतोल कॅल्शियमच्या आयनांनी बदलतो, आणि अल्कधर्मी द्रव्याचा सरसातील प्रथिनांवर परिणाम होतो. औंधच्या संग्रहातील कागदावरील लघुचित्र आणि कापडावरील तैलचित्र ही तर आणखी निराळी माध्यमे. कण तोच असला तरी प्रसंग तो नाही. ‘नॅनोकण रंग बांधतात’ असे सरसकट विधान करून इटलीतील उपचार महाराष्ट्रातील भिंतीवर किंवा कागदावर करणे, म्हणजे लाखेच्या अनुभवाकडे पाठ फिरविणे होय.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे. डीएलव्हीओ उपपत्ती त्याज्य ठरत नाही. मोठे कण, पातळ क्षारद्रावण आणि काही नॅनोमीटरपेक्षा अधिक अंतर या तिच्या हद्दीत ती आजही पहिली मार्गदर्शक आहे. स्वयंजुळणीची कल्पनाही पोकळ नाही. आक्षेप आहे तो हद्द न सांगता उपपत्ती वापरण्यास, आणि मार्ग न दाखविता ‘स्वयं’ हे पद लावण्यास. जुळणीविषयी विधान करणाऱ्या कोणत्याही प्रबंधाने चार गोष्टी स्पष्ट कराव्यात, अशी अपेक्षा बाळगणे अवास्तव ठरू नये. कणावर कोणते आवरण आहे व त्याचे मान किती. माध्यमात कोणते क्षार व मुक्त रेणू आहेत. निरीक्षण ओल्या अवस्थेतील आहे की वाळलेल्या. आणि परिस्थिती उलटविली असता जुळणी मोडते काय. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर त्यात कमीपणा नाही. दहीही उलटत नाही, आणि तरी ते उपयुक्तच असते. त्याला फक्त त्याच्या नावाने ओळखले पाहिजे.

औंधच्या भिंतीवर टांगलेले लघुचित्र रंगविताना चित्रकाराने डिंक किती घालावा हे हाताच्या अंदाजाने ठरविले असेल. त्याला बलांची नावे ठाऊक नव्हती. परंतु रंगकण, डिंक, पाणी, कागद आणि वाळण्यास लागणारा वेळ या पाचांचा त्याने एकत्र विचार केला होता. शास्त्राला बलांची नावे मिळाली आहेत. त्या पाचांचा एकत्र विचार करण्याचे काम मात्र अजून पुरे व्हावयाचे आहे.